डाळ लवकर शिजते त्या पाण्यात फ्लोराईड कामून सापडतं?

माझी मावशी किनवट तालुक्यात राहते. तिच्याकडं आधी विहिरीचं पाणी होतं, लई जड पाणी, तुरीच्या डाळीला कुकरमधे सहा शिट्ट्या दिल्या तरी दाणा न् दाणा वेगळा, आणि हंड्याला आतून असा पांढरा थर बसायचा की चिंच लावून घासल्याशिवाय निघायचा नाही. अकरा-बारा वर्षांखाली तिनं अंगणात बोअर पाडला, तीनशे फुटांच्या खाली पाणी लागलं, आणि ते पाणी एकदम गोड. डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी, साबणाला भरपूर फेस, हंडा आतून लखलखीत. सगळी गल्ली तिच्याकडून पाणी न्यायला लागली.

मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा तिची नऊ वर्षांची नात माझ्याजवळ बसून पुस्तक वाचायली होती. हसली की पुढचे दोन पक्के दात दिसायचे, त्यावर खडूनं ओढल्यासारखे आडवे पांढरे पट्टे आणि मधे एक तपकिरी रेघ. ब्रशनं जाणारा डाग नव्हता तो, दाताच्या आत होता. मी दोन बाटल्या पाणी नांदेडला घेऊन आलो, एक बोअरचं, एक जुन्या विहिरीचं, आणि तपासायला दिलं. बोअरच्या पाण्यात लिटरला ३.२ मिलिग्रॅम फ्लोराईड आणि कॅल्शियम फक्त १४, विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम ११० आणि फ्लोराईड ०.८. बोअरच्या चिठ्ठीवर खाली शिक्का, पिण्यास अयोग्य, बाकी काही नाही. का अयोग्य, आता काय करायचं, एक ओळ नाही. ज्या बाईच्या हातात ही चिठ्ठी पडणार तिला त्यातून काय कळावं, याचा मला आजही राग येतो.

मावशी फोनवर म्हणली, "अरे, जे पाणी डाळीला चांगलं ते माणसाला वाईट कसं असंल?"

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचित कुणी विचारला असेल. त्याचं उत्तर धातूंच्या फ्लोराईडमधे आहे, म्हणजे फ्लोरिन कोणत्या धातूला किती घट्ट धरतो त्यात, आणि ते एकदा समजलं की बोअर, दात, घरातलं जर्मनचं पातेलं, कॅमेऱ्याची लेन्स, अणुभट्टीचं इंधन, सगळं एकाच दोऱ्यात ओवता येतं.

आधी फ्लोरिन आणि फ्लोराईड यातला फरक. फ्लोरिन हा पिरियॉडिक टेबलमधला नववा एलिमेंट, फिकट पिवळा वायू, आणि दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची त्याची ताकद सगळ्या एलिमेंटमधे जास्त, पॉलिंगच्या मोजपट्टीवर ३.९८. काच, लोखंड, पाणी, जे समोर येईल त्याच्याशी भिडतो. पण एक इलेक्ट्रॉन मिळाला की तो फ्लोराईड आयन, म्हणजे चार्ज असलेला अणू, होतो आणि त्याची सगळी आग थंड होते. क्लोरिन वायू जीव घेतो आणि तोच क्लोरिन मिठात आपण रोज खातो, तसंच. पाण्यात, दातात, दगडात असतो तो फ्लोराईड, वायू नव्हे.

हा फ्लोराईड आयन लहान असतो आणि गच्च असतो. क्लोराईड, आयोडाईड हे मोठे आयन, त्यांचा इलेक्ट्रॉनचा ढग दाबला की दबतो, फ्लोराईडचा सहसा दबत नाही. लहान असल्यामुळं तो धातूच्या आयनच्या एकदम जवळ जाऊन बसतो, आणि प्लस-मायनसची ओढ अंतर कमी झालं की वाढते. दोन लोहचुंबकांच्या मधे पुठ्ठा घालून बघा आणि पुठ्ठा काढून बघा, हाताला फरक कळतो. फ्लोराईड म्हणजे पुठ्ठा काढलेला. साधं मीठ ८०१ डिग्रीला वितळतं, आणि त्यातला क्लोरिन काढून फ्लोरिन बसवला, म्हणजे सोडियम फ्लोराईड केलं, तर ते वितळायला ९९३ डिग्री लागतात.

आता जे मी दरवर्षी वर्गात करून दाखवतो ते. एका टेस्ट ट्यूबमधे सोडियम फ्लोराईडचं पाणी घ्यायचं, स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. त्यात कॅल्शियम क्लोराईडचं पाणी, तेही स्वच्छ, थेंब थेंब सोडायचं. बघता बघता ट्यूब ताकाच्या निवळीसारखी धुरकट होते. लगेच खाली साका बसत नाही, कण इतके बारीक की पुढचा तास संपेपर्यंत ट्यूब स्टँडला ठेवावी लागते, मग तळाला पांढरा चिकट थर दिसतो. ते कॅल्शियम फ्लोराईड. दगडाच्या रूपात खाणीत हेच सापडतं, त्याला फ्लोराईट किंवा फ्लोरस्पार म्हणतात, आपल्या शेजारच्या गुजरातमधे छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर इथं त्याचा मोठा साठा आहे. मग मी दुसऱ्या दोन ट्यूब घेतो, एकीत मिठाचं पाणी, एकीत फ्लोराईडचं, आणि दोन्हीत सिल्व्हर नायट्रेट टाकतो. मिठाच्या ट्यूबमधे दह्यासारखा पांढरा साका, हे पोरांना पाठच असतं. फ्लोराईडच्या ट्यूबमधे काहीच नाही, पाणी जसंच्या तसं. इथं पोरं उठून पुढं येतात, कारण सगळं उलटं झालंय. कॅल्शियम क्लोराईड पाण्यात सहज विरघळतं पण कॅल्शियम फ्लोराईड विरघळत नाही, सिल्व्हर क्लोराईड विरघळत नाही पण सिल्व्हर फ्लोराईड लिटरभर पाण्यात पावणेदोन किलोच्या आसपास विरघळतं. एकाच खानदानातले दोघं सख्खे शेजारी, क्लोरिन आणि फ्लोरिन, आणि वागणं असं.

कारण धातूमधे आहे. सोडियम आणि कॅल्शियम या दोघांच्या आयनचा आकार जवळपास सारखा, पण सोडियमवर एक प्लस आणि कॅल्शियमवर दोन. गच्च फ्लोराईडला डबल चार्जवाला तितकाच लहान जोडीदार मिळाला की जी पकड बसते ती सोडवायला पाण्याची ताकद कमी पडते. पाणीसुद्धा आयनला ओढतंच की, मीठ विरघळतं ते त्याच ओढीमुळं, म्हणजे ही कायम रस्सीखेच असते, एका बाजूला खडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. सोडियम फ्लोराईडमधे पाणी जिंकतं, लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास विरघळतं. कॅल्शियम फ्लोराईडमधे खडा जिंकतो, लिटरला फक्त सोळा मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅम आणि सोळा मिलिग्रॅम, अडीच हजार पटीचा फरक, फ्लोरिन तोच आणि धातू बदलला एवढंच. सिल्व्हरचं तिसरंच आहे, तो मोठा आणि मऊ आयन, त्याचं क्लोरिनसारख्या दबणाऱ्या आयनशी अर्धवट इलेक्ट्रॉन वाटून घेणारं घट्ट नातं जमतं, गच्च फ्लोराईडशी तसं जमत नाही, म्हणून पाणी त्यांना सहज सोडवतं.

आता मावशीच्या बोअरवर येऊ.

आपला मराठवाडा बहुतेक सगळा काळ्या दगडावर, बेसाल्टवर बसलाय. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडं जसं जसं जावं तसा तो काळा थर संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा दगड वर येतो, गुलाबी-करडा, चमकणारे ठिपके असलेला. त्या दगडात फ्लोराईट, अॅपेटाइट, अभ्रक असे फ्लोराईड असलेले खनिज बारीक बारीक कणांत पसरलेले असतात. पावसाचं पाणी वरून मुरतं आणि खोल फटींत वर्षानुवर्षं दगडाशी लागून बसतं, तेवढ्या काळात थोडं थोडं फ्लोराईड त्यात उतरतं. वरच्या विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात नवं होतं, म्हणून त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

पण फक्त दगडात असून भागत नाही, पाण्यात राहायला जागा पण पाहिजे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर सुटलेला फ्लोराईड त्याला धरतो आणि माझ्या टेस्ट ट्यूबसारखा खाली बसतो. कागदावर हिशोब केला तर लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात फ्लोराईड अडीच मिलिग्रॅमच्या आसपास अडकतं, त्यावर गेलं की साका धरणार. कॅल्शियम १० वर आलं तर हीच हद्द साडेसातपर्यंत जाते. आता खोल पाण्यात काय होतं बघा, दगडातला सोडियम आणि बायकार्बोनेट त्यात वाढत जातं, म्हणजे सरळ भाषेत खायचा सोडा, आणि ते पाण्यातल्या कॅल्शियमला चुनखडी बनवून खाली बसवतं. कॅल्शियम गेला म्हणजे फ्लोराईडला पकडणारा हातच गेला, आता तो मोकळा.

आणि डाळ? डाळीच्या दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन असतं, पाण्यातला कॅल्शियम त्याला आणखी आवळतो म्हणून जड पाण्यात डाळ शिजत नाही. आपण कामून चिमूटभर सोडा टाकतो? ती आवळण सैल व्हावी म्हणून. बोअरच्या त्या गोड पाण्यात हा सोडा जमिनीनं आधीच टाकून ठेवलाय. म्हणजे ज्या कारणानं डाळ मऊ होते त्याच कारणानं फ्लोराईड पाण्यात राहतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्पच झाली, मग म्हणली, "म्हणजे जड पाणी आपल्यावर उपकारच करायलं होतं की."

यात एक खुलासा केलाच पाहिजे. सगळं गोड पाणी फ्लोराईडचं नसतं, आणि जड पाणी म्हणजे बिनधास्त असंही नाही, वरचा हिशोब परत बघा, १०० कॅल्शियम असूनही अडीचपर्यंत जाऊ शकतं आणि आपल्या देशाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. चवीनं, वासानं, रंगानं फ्लोराईड ओळखता येत नाही. तपासणं हाच मार्ग.

शरीरात जातं तेव्हा पण तोच खेळ. पोटात अॅसिड असतं, तिथं फ्लोराईडला हायड्रोजन चिकटून हायड्रोजन फ्लोराईड होतं, त्याच्यावर चार्ज नसतो म्हणून ते पोटाच्या अस्तरातून सहज आत शिरतं. रक्तात गेल्यावर पुन्हा फ्लोराईड, आणि मग तो शोधतो कॅल्शियम. शरीरात कॅल्शियम सगळ्यात जास्त कुठं? हाडात आणि दातात. तिथलं खनिज हायड्रॉक्सीअॅपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटची जाळी, त्यात एका जागेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसलेली. फ्लोराईडचा आकार त्या जोडीएवढाच, चार्जही तोच, म्हणून तो तिला उठवून तिच्या जागेवर बसतो. थोडा बसला तर फायदा आहे, फ्लोराईड बसलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, अॅसिडला जास्त दाद देत नाही, साधं इनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळायला लागतं तर हे ४.५ पर्यंत टिकतं (पीएचचा आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त), टूथपेस्टमधे सोडियम फ्लोराईड किंवा स्टॅनस फ्लोराईड, म्हणजे कथिलाचं फ्लोराईड, टाकतात ते याच्यासाठी. पेस्ट थुंकायची असते, पाणी रोज लिटर लिटर पोटात जातं, हा फरक.

माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, सर, फ्लोराईडनं जर खनिज पक्कं होतं तर हाडं खराब कशी होतात? उत्तर असं की हाड हा नुसता दगड नाही, त्यात चिवट प्रोटीनची जाळी असते आणि हाड रोज थोडं मोडतं, थोडं नवं बनतं. फ्लोराईड जास्त झालं की हाड बनवणाऱ्या पेशी अति काम करतात, हाड जाड आणि घट्ट होतं पण त्याची वीण बिघडते, आणि सांध्याच्या शिरा-बंधांमधे पण कॅल्शियम साठायला लागतं, म्हणून मान वळत नाही, पाठ वाकत नाही, मांडी घालून बसता येत नाही. दाताचे डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, आठेक वर्षांच्या आत. मोठ्या माणसानं नंतर तेच पाणी प्यायलं तर दातावर डाग पडणार नाही, पण हाडात साठत राहील, म्हणून "माझे दात तर चांगले आहेत" यावर जाऊ नका. भारतात हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यात.

जेवणात दूध, तीळ, नाचणी असेल तर पोटातच कॅल्शियम थोडं फ्लोराईड धरतो आणि ते बाहेर जातं, म्हणून गरीब घरात, जिथं पोटात कॅल्शियम कमी जातं, तिथं तेच पाणी जास्त त्रास देतं. हे मला फार लागतं.

मग पाण्यातून फ्लोराईड काढायचं कसं? उकळून जाणार नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं, म्हणजे दाट होतं. बऱ्याच लोकांना वाटतं चुना टाकू, कॅल्शियम वाढेल, फ्लोराईड बसेल. विचार बरोबर आहे पण कॅल्शियम फ्लोराईड सोळा मिलिग्रॅम का होईना विरघळतं, त्यातलं जवळपास आठ मिलिग्रॅम फ्लोराईड असतं, म्हणून चुना कारखान्याच्या घाणीत शंभराचं दहावर आणायला कामाचा, तीनाचं एकावर आणायला नाही. तिथं दुसरा धातू लागतो, अॅल्युमिनियम. त्याच्यावर तीन प्लस आणि आकार कॅल्शियमपेक्षा बराच लहान, म्हणून फ्लोराईडची त्याच्याशी आणखी घट्ट पकड. नागपूरच्या नीरी संस्थेनं यावर नलगोंडा पद्धत बसवली, तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून नाव पडलं: पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर टाकून हलवायचं, तुरटीतला अॅल्युमिनियम पिंजलेल्या कापसासारखे गोळे धरतो, फ्लोराईड त्याला चिकटतं, गोळे खाली बसले की वरचं पाणी गाळून घ्यायचं. यात तुरटी बरीच लागते आणि मोजून लागते, गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेवढ्यानं फ्लोराईड जात नाही, आणि खाली बसलेला गाळ कुठंतरी नीट टाकावा लागतो. दुसरी पद्धत अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना, अॅल्युमिनियम ऑक्साईडच्या सच्छिद्र गोळ्यांच्या थरातून पाणी सोडायचं, काही महिन्यांनी थर भरला की कॉस्टिक सोड्यानं धुऊन परत वापरायचा. हे धुणं कुणी केलं नाही की फिल्टर नुसता शोभेचा. आरओ पण फ्लोराईड काढतो, गावोगाव वीस लिटरचे जार मिळतात ते त्याचेच, फक्त आरओतून जे पाणी बाहेर फेकलं जातं त्यात फ्लोराईड जास्त दाट असतं, ते परत आडात किंवा बोअरजवळ सोडू नका.

अॅल्युमिनियमचं नाव निघालं तर जर्मनच्या पातेल्याचं पण सांगतो. अॅल्युमिनियमचा दगड, म्हणजे बॉक्साइटमधून काढलेलं ऑक्साईड, वितळायला दोन हजार डिग्रीच्या वर ताप लागतो. पण क्रायोलाइट नावाचं सोडियम आणि अॅल्युमिनियमचं जोड-फ्लोराईड आहे, ते हजार डिग्रीला वितळतं आणि त्यात हे ऑक्साईड विरघळतं, गरम पाण्यात साखर विरघळावी तसं. मग वीज सोडली की अॅल्युमिनियम खाली जमा होतं. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समधे पॉल हेरू या दोन पोरांनी, दोघांचं वय बावीस-तेवीस, एकमेकांना न ओळखता १८८६ साली हे शोधलं. त्याच वर्षी जूनमधे पॅरिसला आंरी म्वासाँनं पहिल्यांदा फ्लोरिन वायू वेगळा काढला, त्यासाठी १९०६ चं नोबेल मिळालं. त्याच्या प्लॅटिनमच्या नळीची बुचं कशाची होती? फ्लोराईटची. ज्याला आधीच पोटभर फ्लोरिन मिळालाय त्याला फ्लोरिन आणखी काय खाणार. आजही फ्लोरिन निकेलच्या टाकीत ठेवतात ते याच्यामुळंच, आतून निकेल फ्लोराईडचा पातळ थर धरतो आणि तोच धातूला वाचवतो.

धातूचं प्रत्येक फ्लोराईड दगडासारखं असतं असं मात्र नाही. युरेनियमला चार फ्लोरिन लागले तर घन पदार्थ, हजार डिग्रीच्या वर वितळणारा. सहा लागले तर ५६ डिग्रीला सरळ वाफ. सहा फ्लोरिन एका युरेनियमला चहूबाजूंनी असं झाकतात की शेजारच्या अणूला धरायला काही उरतच नाही, प्रत्येक रेणू सुटा. अणुभट्टीच्या इंधनासाठी युरेनियमचे हलके-जड अणू वेगळे करायला वायू लागतो तो हाच, आणि निसर्गात फ्लोरिनचा एकच प्रकारचा अणू असल्यामुळं वजनातला फरक फक्त युरेनियमचा राहतो. कॅमेऱ्याच्या लेन्सवर जी जांभळट झाक दिसते ती बऱ्याचदा मॅग्नेशियम फ्लोराईडच्या थराची, गच्च इलेक्ट्रॉनमुळं त्यात प्रकाश फारसा वळत नाही, म्हणून काचेवरून परत फिरणारा उजेड कमी होतो.

मावशीनं काय केलं ते सांगतो. जुन्या विहिरीतला गाळ काढला, ब्लीचिंग टाकलं, आता प्यायला आणि स्वयंपाकाला तेच पाणी, उकळून, आणि बोअरचं पाणी धुण्याला आणि आंघोळीला, कातडीतून ते फ्लोराईड आत जात नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरी तिनं स्वतः जाऊन सांगितलं, बोअरच्या नळाला लाल पट्टा मारला. तूरडाळ ती आता रात्रीच भिजत घालते आणि सकाळी चार शिट्ट्या देते. नातीला सहा वर्षांचा भाऊ आहे, त्याचे पुढचे पक्के दात अजून यायचेत.